बिनमुद्द्याच्या गोष्टी

जिन्याच्या दुसऱ्या मजल्यावरच्या वळणावर तो थांबला, कारण वर कुठेतरी एक बाई हसत होती. दुपारचे तीन वाजले होते. या वेळी तो कधी घरी नसे. पण कान तपासायचं यंत्र सकाळपासून आपल्याच मनाने शिट्ट्या मारत होतं, शेवटी दुरुस्तीवाला ते खोक्यात घालून घेऊन गेला आणि दवाखान्यात त्याला करण्यासारखं काही उरलं नाही. त्यामुळे एका हातात छत्री, दुसऱ्या हातात रिकामा डबा घेऊन तो जिन्यात उभा, आणि वर ते हसणं. साधंसुधं नव्हे. आधी बारीक खळखळ, मग ती दाबायचा प्रयत्न, मग तो साफ फसून नाकातून निघालेला घोरल्यासारखा आवाज, आणि त्या आवाजाचंच हसू येऊन पुन्हा सगळं पहिल्यापासून. पंचवीस वर्षं लोकांचे कान तपासण्यात गेली होती. आवाज कानावर पडला की त्याची पट्टी, त्याची जात ओळखायची खोडच लागली होती. पस्तिशीची असावी, त्याने ठरवलं. वर नवीन भाडेकरू आले वाटतं. कशाबद्दल ते ठाऊक नसताना त्यालाही हसू फुटलं आणि मनात आलं, कोण नशीबवान आहे बुवा, ज्याच्या घरात असं कुणी हसतं. मग तो उरलेल्या अठरा पायऱ्या चढला, आणि हसणं त्याच्याच दारामागून येत होतं.

किल्ली फिरली तसं ते थांबलं. "ठेवते, आले वाटतं," एवढं ऐकू आलं. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, चेहरा पुसलेल्या पाटीसारखा.

"लवकर आलात?"

"यंत्र बिघडलं."

"चहा?"

"चालेल."

संपलं. एरवी या संभाषणात त्याला काहीच कमी वाटलं नसतं. उलट, दिवसभर लोक त्याच्याशी ओरडून बोलत. ऐकू न येणाऱ्याला वाटतं समोरच्यालाही येत नाही. दवाखान्यात कापसाच्या गाद्या ठोकलेली एक बंद खोली होती, तिच्यात माणसाला बसवून कानात बारीकबारीक आवाज सोडायचे आणि ऐकू आला की बटण दाबायला सांगायचं. दोन तपासण्यांच्या मधे तो स्वतःच कधीकधी तिथे जाऊन बसे. तिथे इतकं शांत असे की आपल्या रक्ताचा आवाज ऐकू येई, आणि आपलं घरही असंच आहे याचं त्याला समाधान वाटे. मित्रांच्या घरची भांडणं ऐकून तो कान पाडून बसे आणि मनात म्हणे, आमच्याकडे बरं आहे. मुलगी शिकायला परगावी गेली तेव्हा म्हणाली होती, "बाबा, तुमचं घर म्हणजे वाचनालय आहे. फक्त पुस्तकं नाहीत." तो हसला होता. आता चहाचा कप तोंडाला लावून तो बायकोकडे बघत होता आणि त्याला कळेना की या पन्नाशीच्या, केस घट्ट बांधलेल्या, कपाळावर कायम जराशी आठी असलेल्या बाईच्या आत ती पस्तिशीची कुठे बसली आहे. कप खाली ठेवताना बशीवर आदळला. "गरम आहे," ती म्हणाली. तो हो म्हणाला. चहा तसा कोमटच होता.

पुढचे चार दिवस त्याच्या डोक्यात किडा वळवळत राहिला. वय वर्षं चौपन्न, आणि विचार कॉलेजातल्या पोराचे. कोणाशी बोलत होती? बुधवारी तिची सुट्टी असते. दर बुधवारी हे चालतं का? ती मोठ्या इस्पितळाच्या धुलाई विभागात देखरेखीला होती. चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे डगले, सगळं वाफेच्या ढगात जाऊन पांढरंशुभ्र बाहेर यायचं. तिच्या हाताखाली चौदा माणसं होती, त्यातले निम्मे पुरुष. तो त्या पुरुषांचे चेहरे आठवायला लागला आणि त्याच्या लक्षात आलं, एकाही माणसाचं नाव आपल्याला येत नाही. कधीकाळी सगळी नावं येत होती. कोणीतरी एक इस्त्रीवाला होता, ज्याला शिंक आली की सात येत. हे आपल्याला कुणी सांगितलं? तिनेच. म्हणजे कधीतरी ती हे सांगत होती. मग ते कधी बंद झालं? एखाद्या जुन्या घराचा नळ कधी थांबला हे जसं कुणाला सांगता येत नाही, एके दिवशी फक्त लक्षात येतं की टपटप नाही, तसं त्याला झालं. आणि संशयापेक्षा हेच जास्त टोचायला लागलं की हसणं दुसऱ्या कोणासाठी होतं ते सोडा, आपण ते ओळखलंच नाही. कानवाला म्हणून आख्खी गल्ली आपल्याला ओळखते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

त्याच्या दवाखान्याच्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर एक समुपदेशक बाई बसत. नवराबायकोची, आईमुलांची, मनाने थकलेल्यांची बोलणी त्यांच्याकडे चालत. कान ठणठणीत असूनही 'यांना मी बोललेलं ऐकूच येत नाही' म्हणून बायको ज्यांना धरून आणी, अशा नवऱ्यांना तो गमतीने वर बोट दाखवायचा. पाचव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो स्वतःच वर गेला. लिफ्टने नाही, जिन्याने. लिफ्टमध्ये कोणी ओळखीचं भेटलं असतं.

बाई साठीच्या, स्थूल, टेबलावर सतत पेनाचं टोपण शोधणाऱ्या. तीन खुर्च्या होत्या, तिन्ही वेगवेगळ्या. तो सगळ्यात अवघडलेल्या खुर्चीवर बसला.

"माझ्या एका मित्राचं आहे," तो म्हणाला.

"बरं. मित्राला आरामात बसायला सांगा," बाई म्हणाल्या. "काय होतंय त्याला?"

"त्याची बायको फोनवर हसत होती."

"ही तक्रार आहे?"

"तक्रार नाही. म्हणजे त्याला ते हसणं ओळखू आलं नाही. त्याला वाटलं, शेजारीण आहे."

बाईंनी टोपण शोधायचं सोडलं. "हं. हे मात्र मित्राला लागलं असणार."

त्याने खिडकीकडे बघितलं. समोरच्या गच्चीवर कोणीतरी गालिचा झटकत होतं. हात आधी दिसायचा, आवाज मागून यायचा.

"ती कोणाशी बोलत होती, विचारलंत?"

"नाही. आमच्यात तशी पद्धत नाही." मित्र केव्हाच खोलीतून निघून गेला होता, हे दोघांच्याही लक्षात आलं.

"ही पद्धत कोणी पाडली?"

तो खुर्चीत सावरून बसला. बाईंनी विचारलं, शेवटचं भांडण कधी झालं. हा प्रश्न सोपा होता. त्याने काहीशा अभिमानाने सांगितलं, नऊ-दहा वर्षांत एकही नाही.

"अरे बापरे," बाई म्हणाल्या. "भांडत येतात त्यांची मला फारशी काळजी नसते. ती माणसं अजून एकमेकांकडे काहीतरी मागत असतात. तुमच्याकडे मागणंच बंद झालेलं दिसतंय. घरी जा आणि फक्त एक प्रश्न विचारा. खरं उत्तर हवं असेल तरच विचारा, बरं का."

त्या संध्याकाळी बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. घड्या घालताना तिचे हात इतके सराईत चालत की कापडालाच आपण कुठे दुमडायचं ते ठाऊक आहे असं वाटे. त्याने तीनदा घसा साफ केला. "त्या दिवशी फोनवर कोण होतं?"

"धाकटी," ती म्हणाली. धाकटी म्हणजे तिची बहीण, पलीकडच्या शहरात राहणारी. "का?"

सुटकेचा श्वास टाकायला हवा होता. पण हलकं वाटायच्या ऐवजी जिन्यात एक पायरी चुकल्यासारखं झालं. म्हणजे कोणी परका नव्हता. म्हणजे हसणं घरातच होतं, रोजचं होतं, हाताशी होतं, आणि फक्त आपल्यासाठी नव्हतं. "काही नाही, सहज," तो म्हणाला. तिने मान वर केली. सहज हा शब्द त्या घरात कधीपासून कोणी वापरला नव्हता. मग तो घाईघाईने, पाणी गार आहे हे कळायच्या आत उडी मारावी तसा, म्हणाला, "आमच्या इमारतीत एक बाई आहेत. नवराबायकोंशी बोलतात. आपण जाऊ या का?" ती काय म्हणेल याची सगळी उत्तरं त्याने मनात तयार ठेवली होती. तिने हातातली उशीची खोळ खाली ठेवली आणि विचारलं, "कधी?"

बुधवारी दोघं गेली. ती मऊ खुर्चीत बसली आणि तो पुन्हा त्या अवघडलेल्या. बाई म्हणाल्या, इथे कोणाचा न्याय होत नाही. एकाने सांगायचं, दुसऱ्याने ऐकायचं, आणि काय ऐकलं ते परत सांगायचं, बस. त्याला हायसं वाटलं. हे तर आपलंच काम. बायकोने मांडीवर हात जुळवले आणि अगदी संथ आवाजात, जणू दुसऱ्याच कोणाबद्दल, सांगायला सुरुवात केली. नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. एका म्हाताऱ्या रुग्णाची कवळी उशीच्या खोळीत राहिली आणि धुवायला आली. यंत्रातून खडखड आवाज, सगळे घाबरले, बॉयलर बंद केला, आणि झाकण उघडलं तर वाफेतून पांढरीशुभ्र कवळी हसत बाहेर. ती घरी आली ती गोष्ट पोटात सांभाळत. जेवताना सुरुवात केली, सकाळपासून, कारण त्या दिवशी बॉयलर आधीच रुसला होता आणि ते सांगितल्याशिवाय पुढची मजा नव्हती. "आणि हे म्हणाले, मुद्द्यावर ये ना. मी म्हटलं, मुद्दा असा की आज उशीर झाला. आणि आमटी वाढली."

बाई त्याच्याकडे वळल्या.

"काय ऐकलंत?" बाईंनी त्याला विचारलं.

"की मी एकदा तिला तोडलं. आणि ती रागावली."

"मी रागावले असं म्हटलंच नाही," बायको म्हणाली. "मी म्हटलं, मी आमटी वाढली."

त्याने पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा चुकला. तिसऱ्यांदा त्याच्या कपाळावर घाम आला. ज्या गाद्यांच्या खोलीत तो शेकडो माणसांना बसवत आला होता तिच्यात आज आपण बसलो आहोत, आवाज येतोय आणि बटण कधी दाबायचं ते कळत नाही, असं त्याला वाटलं. मुख्य म्हणजे त्याला ते जेवण आठवत नव्हतं. आमटी नाही, कवळी नाही, वाक्य नाही. त्याने कितीही आत हात घातला तरी तळाशी काही लागेना.

"मला आठवत नाही," तो शेवटी म्हणाला. "शपथेवर सांगतो."

"आठवत नाही हे खरं असेल," बाई म्हणाल्या. "झालं हेही खरं असेल. दोन्ही एका घरात राहू शकतात." मग त्या बायकोकडे वळल्या. "पण तुम्ही नऊ वर्षं सांगितलं का नाही?"

बायको पहिल्यांदाच गडबडली. "आधी वाईट वाटलं होतं. मग म्हटलं, यांच्या लक्षात येतंय का बघू. मग सवय झाली. मग..." तिने ओठ दाबले. "खरं सांगू? मजा यायला लागली. मी इतकं मुद्द्याचं बोलते आणि यांना पत्ताच नाही. आपण बरोबर असल्याची एक मजा असते ना." आणि मग हसू नाही, रडू नाही, मधलंच काहीतरी तिच्या चेहऱ्यावर आलं. "चार महिन्यांपूर्वी मी एक खोली बघून आले होते. कामावरच्या एकीच्या घराशेजारी. भांडण नाही, मारहाण नाही, कोणाला सांगणार काय? मला फक्त बडबड करता येईल अशी खोली हवी होती."

त्याला खुर्चीचे हात घट्ट धरावे लागले. चार महिन्यांपूर्वी तो काय करत होता? पडद्यांचा रंग निवडत होता. तिने निळा की राखी विचारलं होतं, तो राखी म्हणाला होता, आणि ती खोली बघून आली होती. घरात पडदे लागत होते आणि घर जात होतं. "मग घेतली का नाहीस?" त्याचा आवाज त्यालाच परका वाटला.

"खिडकी छोटी होती," ती म्हणाली. मग हात सोडवत, "आणि तिथे तुम्ही नव्हता. मला बडबड तुमच्याशी करायची होती. शहाणपण बघा माझं."

बाईंना टोपण सापडलं. त्यांनी ते पेनाला न लावता खिशात टाकलं आणि घरचा अभ्यास दिला. रोज पंधरा मिनिटं तिने काहीही सांगायचं, त्याने मुद्दा शोधायचा नाही.

पण पहिल्या संध्याकाळी काही जमलंच नाही. दोघं समोरासमोर बसली, मधे घड्याळ. ती म्हणाली, "काय सांगू? सुरुवात कशी करायची तेच विसरले." पाच मिनिटं गेली. त्याला तिची दया आली, स्वतःचीही आली, आणि काहीतरी करायला हवं म्हणून तो म्हणाला, "आज एका माणसाचे कान चांगले निघाले."

ती वाट बघत राहिली. "मग?"

"मग काही नाही. चांगले होते."

"अहो, ही काय गोष्ट झाली? कोण होता? एकटाच आला होता?"

"बायकोने आणला होता. ती म्हणत होती, चार वर्षं ऐकू येत नाही याला."

"दिसायला कसा होता?"

त्याला आठवावं लागलं, आणि आठवलं. उंच, दोन्ही बुटांच्या नाड्या वेगळ्या रंगाच्या. बायको बाहेर बाकावर, पर्स पोटाशी धरून. हा आत, गाद्यांच्या खोलीत, प्रत्येक आवाजाला बटण दाबतोय, अगदी मुंगीच्या पावलाएवढ्या आवाजालाही. तपासणी संपली तसा काचेशी येऊन इकडेतिकडे बघत हळूच म्हणाला, साहेब, अहवालात थोडं कमी दाखवता येईल का.

"काय सांगता!" बायकोने टेबलावर हात आपटला. "आणि हे तुम्ही 'कान चांगले निघाले' एवढ्यात गुंडाळलंत? शेवट आधी सांगितला आणि मधलं सगळं टाकून दिलं! पुन्हा सांगा. नाड्यांपासून सांगा."

त्याने नाड्यांपासून सांगितलं. या वेळी काचेशी येणारा तो माणूस त्याने वाकून करूनही दाखवला, आणि ती हसली. पंचवीस वर्षांत आपल्या बंद खोलीत असली शेकडो माणसं येऊन गेली आणि आपण त्यांचे फक्त आलेख काढले, हे त्याला त्या संध्याकाळी कळलं. घड्याळाकडे कोणी बघितलं नाही. मग तिची गाडी सुटली. सात शिंकांचा इस्त्रीवाला निवृत्त झाला होता, जाताना त्याने सगळ्यांना एकेक रुमाल दिला. डगल्यांच्या खिशांत सापडणाऱ्या वस्तूंसाठी तिने एक खोकं ठेवलं होतं आणि एका नामांकित शल्यविशारदाच्या खिशात दर सोमवारी लिमलेटच्या गोळ्या असत. नऊ वर्षांचा साठा. तो ऐकत होता आणि मधेमधे त्याची जुनी खोड उठायची, बरं मग पुढे काय, आणि तो जीभ दाताखाली धरायचा. एकदा ती धरता आली नाही. तिसऱ्या आठवड्यात तिची गोष्ट रंगात असताना त्याने फोनमध्ये डोकं घातलं. ती थांबली. पण या वेळी आमटी वाढली नाही. "ठेवा तो फोन," ती म्हणाली, आणि मग असं कडाक्याचं भांडण झालं की खालच्या मजल्यावरच्यांनी रेडिओ बंद केला. त्यात राखी पडदे आले, मुलीच्या शाळेचं स्नेहसंमेलन आलं, आणि तोही गप्प बसला नाही. म्हणाला, तू मला परीक्षेला बसवलंस आणि परीक्षा आहे हे सांगितलंच नाहीस. तिने ते शेवटपर्यंत ऐकलं आणि ती म्हणाली, "हे बरोबर आहे तुमचं." बुधवारी बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी दोघांचं अभिनंदन केलं, त्यांच्याकडे पेढा असता तर वाटला असता इतक्या आनंदाने.

पाचव्या बुधवारी बाई म्हणाल्या, आता एकदम महिन्याने या, नाही आलात तरी मला वाईट वाटणार नाही. परतताना त्याने बसथांब्यावर सहज विचारलं, हल्ली त्याला सहज विचारता यायचं, की शनिवारी सकाळी तू जातेस त्या जादा कामाचा भत्ता मिळतो की नाही. ती एकदम लाल झाली. "जादा काम नसतं शनिवारी," ती म्हणाली. "आम्ही सहा जणी पोहायला शिकतो. दिवसभर वाफेत असतो ना, एकीच्या डोक्यात आलं. सात महिने झाले."

"तू पोहतेस?"

"तुम्ही विचारलं नाहीत, मी सांगितलं नाही." आणि मग, त्याच्याकडे न बघता, "याल का बघायला?"

त्याला पोहता येत नव्हतं. लहानपणी एकदा विहिरीत पाय घसरला होता, तेव्हापासून पाणी म्हटलं की छातीत धस्स व्हायचं, आणि हे त्याने तिलाही कधी सांगितलं नव्हतं. तेच त्याने बसमध्ये सांगितलं, विहिरीच्या काठावरच्या शेवाळापासून, काही न गाळता. ती पूर्ण वेळ त्याच्याकडे वळून बसली होती. त्यांचा थांबा मागे पडला.

शनिवारी सकाळी तलावावर ऊन लख्ख पडलं होतं. बाकीच्या पाच जणी काठावर रांगेने पाय सोडून बसल्या होत्या आणि तो नवीन, फार रुंद अशी चड्डी घालून आला तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या. "हे का ते कानवाले!" एक जण म्हणाली. तो शिडीला धरून एकेक पायरी उतरला. गुडघे, मांड्या, पोट. गारवा वर चढत गेला तसा श्वास आखडत गेला. बायको आधीच पाण्यात होती, रबरी टोपीखाली तिचा चेहरा गोल आणि अनोळखी आणि तरुण दिसत होता. "मागे रेलून पडा," ती म्हणाली. "माझा हात आहे खाली." तो म्हणाला, जमणार नाही. ती म्हणाली, काही घाई नाही. त्याने डोळे मिटले, पुन्हा उघडले, आणि मान मागे टाकली. पाणी गालांवर आलं, मग कानांत शिरलं, आणि सगळे आवाज गेले. वर नुसतं निळं आकाश, आणि पाठीखाली तिचा तळहात, पसरलेला, पक्का. पाय आपोआप वर आले. आपण तरंगतो आहोत हे त्याला दोन श्वासांनंतर कळलं. तिचा चेहरा त्याच्यावर वाकला होता आणि ती बोलत होती, भराभर, भुवया उडवत, मोकळा हात हवेत नाचवत; काठावरच्या पाचही जणी पोट धरून हसत होत्या, आणि त्याला एक अक्षर ऐकू येत नव्हतं.

"काय?" तो ओरडला, घोटभर पाणी प्यायला, ठसकला, तिच्या खांद्याला धरून कसाबसा उभा राहिला आणि कानांतलं पाणी झटकत पुन्हा म्हणाला, "काय म्हणालीस? मी काहीच ऐकलं नाही."

"काहीच नाही?"

"एक शब्द नाही."

तिने त्याच्या नाकावरचं पाणी पुसलं, टोपी नीट केली आणि पहिल्यापासून सुरुवात केली.